विस्तव मागायला

गिरणीचा संप लांबला तसा धर्माजी मुंबईहून गावी आला, आणि संप मिटला तरी परत गेला नाही. साळखात्यात कापड विणायचे दोन साचे चालवणारा माणूस. पूर्वी शिमग्याला आला की पायात वहाणा, डोक्याला वासाचं तेल, आणि बोलण्यात सारखा जॉबर आणि भोंगा. आता रेवसच्या धक्क्यावर आगबोटीतून उतरला तेव्हा वळकटी स्वतःच्याच डोक्यावर होती. त्याच्या साच्यावर दुसऱ्याच कुणाला तरी उभं केलं होतं आणि जॉबरानं, खात्याच्या मुकादमानं, त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं. हे त्यानं घरात कधी सांगितलं नाही. त्याच्या बायकोला, सगुणाला, ते बोटीनं आलेल्या दुसऱ्या माणसाकडून कळलं, आणि कळल्याचं तिनं दाखवलं नाही.

पाऊसपाणी सरलं, भात घरात आलं, आणि गावची, भालखारची, माणसं खाडीकाठच्या मिठागरावर कामाला लागली. सगुणा लग्न होऊन आल्यापासून तिथं राबत होती. धर्माजी पहिल्यांदाच येत होता. वाफ्यांत कोंडलेलं पाणी उन्हानं आटलं की तळाशी मीठ धरतं. ते लाकडी फळीनं ओढून बांधाला लावायचं, निथळू द्यायचं, मग टोपल्यांनी वाहून राशीवर टाकायचं. धर्माजीच्या हातांना सूत कळायचं, मीठ कळत नव्हतं. फळी तिरपी पडायची आणि मिठाबरोबर खालचा चिखल वर यायचा.

"अलगद ओढा. खालचा गाळ येतोय वर," सगुणा म्हणाली. हळूच म्हणाली होती, पण पलीकडच्या वाफ्यातला सदू हसला.

धर्माजीनं फळी टाकली, तिच्या अंबाड्याला धरलं आणि तिला वाफ्यात तोंडावर पाडलं. पाठीत लाथ घातली. ती उठायला गेली तशी पुन्हा दाबली. मिठाचे खडे गालात रुतले, फुटलेल्या ओठात खारं पाणी गेलं. आग इतकी होती की ओरडायलाही तोंड उघडेना.

आगरावर तेव्हा बरीच माणसं होती. पुरुष खाडीकडे बघत राहिले, जणू तिकडून एखादं गलबत येत होतं. बायांनी टोपल्या उचलल्या. सदूचं हसणं थांबलं, पण तोही जागचा हलला नाही. सगुणा उठली, पदर झटकला, आणि टोपली भरायला लागली. दिवसभर तिच्याशी कुणी बोललं नाही. तिलाच काही रोग झाल्यासारखी सगळी तिच्यापासून दोन हात लांबून जात होती.

घरी सासूनं, कृष्णाबाईनं, खोबरेल गरम केलं आणि तिच्या गालाला लावलं. कृष्णाबाई फार कमी बोलायची. मेलेल्या नवऱ्याचा हात तिच्यावरही चालायचा असं गावात म्हणत. तिचा डावा कान त्यापायीच गेला होता. तिनं तेलाची वाटी फळीवर ठेवली आणि नातीला, काशीला, कडेवर घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

त्यानंतर मार रोजचा नव्हता. रोजचा असता तर निदान वेळ तरी कळली असती. कधी आठवडा निवांत जायचा, धर्माजी काशीला खांद्यावर घेऊन खाडीवर फिरवून आणायचा, आणि सगुणाला वाटायचं, गेलं आता ते. मग एखाद्या संध्याकाळी तो वहाणा न काढताच आत यायचा. तिला सगळं पायावरून कळू लागलं. तो अंगणात शिरला की चूल फुंकता फुंकता तिची फुंकर मध्येच थांबायची.

माघात ती काशीला कडेवर घेऊन माहेरी गेली. आईबाप नव्हते. भाऊ हरेश्वर होता, त्याची बायको होती. खांद्यावरचा वळ तिनं भावजयीला दाखवला. भावजय "अगो बाय!" म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. त्या दिवशी त्यांनी बोंबलाचं कालवण केलं, तिला पोटभर वाढलं. हरेश्वर जेवताना वर बघेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं काशीला उचललं.

"चल. सोडतो तुला."

"दादा, मी चार दिस ऱ्हातंय."

"चाराचे आठ व्हतील. मग लोक मना इचारतील. तू आपली त्याच्या कलानं घे. मुंबईचा मानूस, डोकं फिरलंय त्याचं. येईल जाग्यावर."

तो तिला घेऊन आला. अंगणात धर्माजी बसला होता. दोघांनी विड्या पेटवल्या, मिठाच्या भावाबद्दल बोलले. हरेश्वरनं चहासुद्धा घेतला. जाताना तो दाराशी थांबला आणि आत न बघता म्हणाला, "येतंय गो." ती चुलीपाशी बसून त्याची पाठ बघत राहिली. लहानपणी तापात याच पाठीवर बसून ती वैद्याकडे गेली होती. बांधाच्या वळणावर पाठ दिसेनाशी झाली. गाव भरलेलं होतं, कुणाच्या तरी घरी मिरच्या कुटत होते, पोरं ओरडत होती, आणि तिला वाटलं की आपण कुठल्या तरी बेटावर आहोत.

गावाच्या टोकाला, जिथं खाडीचं पाणी आगरात घेतात, तिथं लाकडी दारं होती. त्यांना उघाडी म्हणत. भरतीला दार उघडायचं, ओहोटीला लावायचं. हे काम बायजा करायची. नवरा ते करायचा, तो विंचू चावून गेला, आणि गावानं काम तिच्याकडेच राहू दिलं. उघाडीशेजारीच तिचं खोपटं होतं. कामामुळे तिची वेळ गावाच्या वेळेशी जुळत नसे. गाव जेवायचं तेव्हा ती दारं ओढत असायची. त्यामुळे तिच्याशी फारसं कुणाचं येणंजाणं नव्हतं.

एका दुपारी सगुणा पाय धुवायला उघाडीवर थांबली. टाचांना मिठानं चिरा पडल्या होत्या. बायजा दाराच्या दोराला गाठ मारत होती. वर न बघताच म्हणाली,

"पायांना करंजीचं तेल लाव. आन् मानेला काय लावशील?"

सगुणानं पदर मानेवर ओढला.

"झाकू नको. मना दिसलंय. सगल्यांना दिसलंय."

"मग कुनी बोलत का न्हाय?"

"मी पन न्हाय बोलले त्या दिशी. टोपली उचलून गेले." बायजानं गाठ ओढून घट्ट केली. "तवापासून अन्न गोड लागत न्हाय मना. बस."

सगुणा बसली. ती नुसती रडली. बायजानं रडू दिलं, मग पाणी दिलं, आणि म्हणाली,

"आता आईक. तो मारायला लागल्यावर निघायचं म्हनशील तर निघता येनार न्हाय. आधी निघायचं. तुला कलतं का आधी?"

"कलतं. वहाना काढत न्हाय तो."

"मग वहाना वाजल्या की काशीला उचलायची आन् बाहेर. कोनाड्याकडं जायचं न्हाय, कोपऱ्यात अडकशील. दाराजवल ऱ्हायचं. कोयता, मुसल नदरेआड ठेव. तुझं एक लुगडं आन् पोरीचं झबलं मना आनून दे, हितं ऱ्हाऊ दे. मागल्या बांधानं यायचं, विहिरीवरनं न्हाय. विहिरीवर दहा जनी इचारतील, कुठं चाललीस."

"आन् बाहेर पडताच न्हाय आलं तर?"

बायजानं दाराचा दोर हातात घेतला. पाणी चढायला लागलं होतं.

"ते मी बघतंय," ती म्हणाली.

तिनं काय बघितलं ते सगुणाला चार-सहा दिवसांनी कळलं. दिवेलागणीला धर्माजी आला, वहाणा घालूनच आला. काशी ओट्यावर आजीजवळ होती, दार त्यानं अडवलं होतं. भाताला वाफ आली नाही यावरून त्यानं सुरुवात केली आणि सगुणाचं मनगट पिरगाळलं. तेवढ्यात दारात शेजारची कोकिळा उभी. हातात करवंटी.

"सगुना, इस्तव दे गो. चूल इझली माझी."

धर्माजीनं हात सोडला. आगरावर त्याचं भान सुटलं होतं, पण घरात आलेल्या परक्या बाईसमोर हात उगारायची त्याला लाज होती. सगुणानं चिमट्यानं निखारा उचलून करवंटीत टाकला. निखारा एकदा खाली पडला. कोकिळा गेली नाही. तिथंच उंबऱ्यावर टेकली. डाळीला फोडणी काय देतेस, काशीचा खोकला कसा आहे, असलं काहीतरी विचारत राहिली. करवंटीतला निखारा राखाडी होऊन विझला तरी ती बसूनच होती. शेवटी धर्माजीच उठून बाहेर गेला.

पुढच्या वेळी आवाज चढला तशी सदूची बायको आली. तिच्या पुढच्या वेळी दोघी एकदम आल्या, एकीच्या हातात करवंटी, दुसरीच्या हातात फुटका तवा. ज्या बायांनी आगरावर टोपल्या उचलून पाठ फिरवली होती त्याच या होत्या. मारण्याबद्दल त्या एक शब्द काढत नसत. फक्त विस्तव मागत आणि बसत.

"गावातल्या सगल्या चुली आमच्याच घरावर पेटतात का?" धर्माजी एकदा ओरडला.

"लाकडं वली हायत यंदा," कोकिळा म्हणाली.

फाल्गुनभर असं चाललं. सगुणाच्या अंगावरचे जुने वळ पिवळे पडले. ती बायांबरोबर पाण्याला जाऊ लागली. पण झोपताना ती दाराकडेच तोंड करायची, आणि शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकत पडायची.

चैत्रात ऊन कडक झालं आणि मीठ भराभर धरू लागलं. सगळा गाव सकाळपासून आगरावर असायचा. काशीला ताप होता म्हणून सगुणा त्या दिवशी घरी राहिली. कृष्णाबाई पडवीत भाताचा कोंडा पाखडत होती. धर्माजी भर उन्हात मधूनच परत आला. शिलोत्र्यानं, म्हणजे आगराच्या मालकानं, त्याला सगळ्यांदेखत सांगितलं होतं की फळी बाईच्या हाती दे, तू नुसता टोपल्या वाहा.

हे तो बोलला नाही. त्याच्या हातात फावड्याचा दांडा होता. आजूबाजूची घरं रिकामी होती. करवंटी घेऊन येणारं कुणी नव्हतं.

सगुणा काशीला उचलायला वाकली आणि दांडा वर गेलेला तिला दिसला. तो कुणाला लागणार होता ते तिला कळलं नाही. तिनं हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज तिनं दुसऱ्याच कुणाचा असावा तसा ऐकला. पोर किंचाळली. पडवीतलं सूप थांबलं. धर्माजी दांड्याकडे बघत उभा राहिला, आणि तेवढ्यात काशीला उजव्या काखेत मारून सगुणा दाराबाहेर होती. दाराजवळच उभी होती म्हणून जमलं.

मागच्या बांधानं ती गेली. डावा हात लोंबत होता. ऊन इतकं होतं की मिठाच्या पांढऱ्या राशींकडे बघवत नव्हतं. मध्ये एकदा ती बसली. उठणार नाही असं वाटलं. काशीचा तापलेला गाल मानेला लागत होता. ती उठली.

बायजानं बांबूच्या कामट्या तासल्या, हळद आणि डिंकाचा लेप घातला, आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी हात आवळून बांधला. सगुणानं लाकडाचा तुकडा दातात धरला होता.

संध्याकाळी धर्माजी आला. खोपट्यासमोर बाया बसल्या होत्या. कोकिळा होती, सदूची बायको होती, आणखीही होत्या. समोर मांदेलीची पाटी होती आणि सगळ्या मिळून मासळी निवडत होत्या.

"माझी बाईल द्या भाईर," तो म्हणाला.

कुणी वर बघितलं नाही.

"बायजे, माझ्या घरात नाक खुपसू नको."

"तुझ्या घरात कुठं हाय मी? माझ्या घरात हाय," बायजा म्हणाली. "ती येत असंल तर बोलाव."

"सगुना!"

सगुणाचं अंग सवयीनं उठायला लागलं. ते तिचं तिलाच कळलं, आणि ती पुन्हा खाली बसली. आतून म्हणाली, "मी येत न्हाय." आवाज फार मोठा नव्हता. पण बाहेर मासे निवडणारे हात थांबले होते, त्यामुळे त्याला ऐकू गेलं. तो बराच वेळ उभा राहिला. मग खाडी चढली, बायजा उघाडीचं दार ओढायला उठली आणि त्याला म्हणाली, "सर बाजूला." तो सरला, आणि निघून गेला.

बायजानंच पाटलाकडे, बाबाजीकडे, जाऊन काडीमोड मागितली. पंच देवळासमोर पिंपळाखाली बसले. हरेश्वरलाही निरोप गेला होता. तो येऊन मागे उभा राहिला. बाया देवळाच्या भिंतीला टेकून, तोंडावर पदर घेऊन.

"हात पडून मोडला," धर्माजी म्हणाला. "उंबऱ्याला अडखलली. आता परक्या बायांच्या नादानं माझं घर मोडते."

बाबाजी वाईट माणूस नव्हता, पण गावातलं घर मोडायची त्याला हौस नव्हती. "हात मोडताना कुनी बघितला?" त्यानं विचारलं.

सदू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. हरेश्वर पिंपळाकडे बघत होता. कोकिळा म्हणाली, "त्या दिशी न्हाय, पन आदी आमी आवाज आयकलाय." एक पंच म्हणाला, "आवाज सगल्यांच्याच घरात व्हतो." काही जण हसले. सगुणाला वाटलं, पुन्हा तोच मिठाचा वाफा, पुन्हा तीच माणसं.

"मी बघलाय."

कोण बोललं ते आधी कळेना. भिंतीपासची कृष्णाबाई उभी राहिली होती. ऐकू कमी येत असल्यानं ती मोठ्यानं बोलत होती, आणि आपण किती मोठ्यानं बोलतो हे तिला ठाऊक नव्हतं.

"दांडा मारला त्यानी. पोरीवर उगारला, हिनी हात घातला. मी पडवीत व्हते. आगुदरचं पन सगलं बघलाय मी."

"आये, बस खाली," धर्माजी म्हणाला.

"त्याचा बापूस मना मारायचा तवा हा चुलीमागं लपायचा. इतका व्हता." तिनं हातानं उंची दाखवली. "मना वाटायचं, हा तसा न्हाय व्हनार. पोटचा हाय माझा. मी खोटं का बोलू?"

मग ती बसली. कुणीच हसलं नाही. बाबाजीनं सारवलेल्या जमिनीवरची एक गवताची काडी उचलली आणि धर्माजीपुढे धरली. धर्माजीनं ती घेतली. त्यानं सगुणाकडे एकदाही बघितलं नाही; आईकडे बघत त्यानं ती मोडली. पोर आईजवळ राहील, बाबाजी म्हणाला. धर्माजी तोवर उठून चालू लागला होता.

हरेश्वर सगुणाजवळ आला. "घरी येतेस?" त्यानं विचारलं. त्याच्या तोंडावरून दिसत होतं की ती नाही म्हणाली तर बरं, असं त्याला वाटतंय, आणि तसं वाटल्याची लाजही वाटतेय.

"न्हाय दादा," ती म्हणाली.

खाडीपलीकडे करंज्याला बायजाची बहीण होती, तिच्या वाडीशेजारी मिठागर होतं. हात सांधला तसं सगुणानं तिकडे जायचं ठरवलं. निघताना कृष्णाबाई बांधावर येऊन उभी होती.

"आत्ये, तू पन चल," सगुणा म्हणाली. "तिकडं काम हाय. आपन ऱ्हाऊ."

"मी कुठं येऊ?" कृष्णाबाई म्हणाली. "त्याला जेवान कोन घालील?"

करंज्याला सगुणाला एक झावळ्यांचं खोपटं मिळालं. माणसं बरी होती, पण कुणी आपलं नव्हतं. डावा हात थोडा वाकडा सांधला होता, टोपली डोक्यावर चढवताना दुसऱ्या कुणाला हाक मारावी लागे. पहिले काही महिने वाटेवर वहाणा वाजल्या की ती काशीला उचलून दाराशी जायची. कुणीतरी वाटसरू निघून जायचा. मग ती काशीला खाली ठेवायची, आणि घर एकदम फार मोकळं वाटायचं. रात्रीचं भय गेलं होतं. त्याच्या जागी काय आलं होतं त्याला तिच्याकडे नाव नव्हतं. काशी निजल्यावर बोलायला कुणी नसे.

पुढच्या दिवाळीनंतर उरणच्या बाजारात कुणीतरी तिचा पदर ओढला. कृष्णाबाई होती. तरीच्या होडीनं खाडी ओलांडून, नातीला बघायला आली होती. पिशवीत चिंबोऱ्या होत्या. तिघी एका कौलारू दुकानाच्या पडवीत बसल्या. काशी आजीला बिलगली. सगुणा तिच्या हातांकडे, मानेकडे, मनगटांकडे बघत होती. कृष्णाबाईच्या ते ध्यानात आलं.

"मना न्हाय मारत तो," ती म्हणाली.

"मग बरा वागतो?"

"बोलतच न्हाय. त्या दिसापासनं एक शबुद न्हाय. मी जेवान वाढतंय, तो जेवतो, उठतो. मी कोंबड्यांशी बोलतंय. त्या तरी मान हलवतात."

माझ्यापायी, असं सगुणा म्हणू लागली, तर कृष्णाबाईनं तिच्या वाकड्या हातावरून बोटं फिरवली.

"तुझ्यापायी न्हाय. मना एकदा तरी बोलायचं व्हतं गो."

"ऱ्हा ना आजची रात."

"भरती चुकंल. त्याचं जेवान व्हायचंय."

दोघी तिला करंज्याच्या धक्क्यापर्यंत सोडायला गेल्या. होडी माणसांनी भरली होती. कृष्णाबाई दोन अनोळखी बायांच्या मध्ये, किनारा डाव्या हाताला घेऊन बसली. काशीनं हाका मारल्या, पण त्या बाजूच्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. नाखव्यानं शीड सोडलं. होडी पाण्यावर लांब गेली तेव्हा सगुणाला दिसलं, म्हातारी शेजारच्या बाईकडे वळली होती, आणि काहीतरी लांबलचक सांगताना हलतो तसा तिचा हात हलत होता.